पुलाच्या अलीकडे

ऑफिसातले लोक मला विचारतात, "अजून लिहितेस का गं?" आणि लिहिणारी मंडळी विचारतात, "अजून नोकरी करतेस?" दोन्हीकडच्या त्या 'अजून'मध्ये अशी काही काळजी असते, की मला जुनाट खोकला आहे आणि तो काही केल्या जात नाही असं वाटावं. मी दोघांनाही हो म्हणते आणि विषय बदलते.

आमची कंपनी इस्पितळांसाठी सॉफ्टवेअर करते. कुठल्या रुग्णाने कुठल्या डॉक्टरकडे किती वाजता यायचं, हे त्यातून ठरतं. त्यातला वेळापत्रकाचा भाग माझा. हे काम मला आवडतं, हे आधीच सांगून टाकते. कादंबरी लिहिणारी बाई नोकरीला नाकं मुरडणार, अशी सगळ्यांची खात्रीच असते. एखादी अडलेली गोष्ट दुपारभर डोकं खाऊन संध्याकाळी सुटली, की मला जो आनंद होतो, तो चांगला परिच्छेद जमल्यावर होतो त्यापेक्षा कमी नसतो. उलट तो लवकर मिळतो.

माझ्या दोन कादंबऱ्या छापून आल्या. तिसरी अडली. तिच्यात एक बाई आहे. नदीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर माणसं नेते, आणते. तिला कोणी नावाने हाक मारत नाही, सगळे नाववालीच म्हणतात. तोंडाने फटकळ, हाताने उदार, डाव्या गुडघ्याने अधू. आणि नदीवर पूल होतोय. पूल झाला की नाव बंद. कादंबरी पूल उघडण्याच्या आदल्या संध्याकाळपर्यंत येऊन थांबली होती, आणि ती संध्याकाळ काही संपत नव्हती.

माझी पहिली वाचक माझी आई. ती आमच्याकडेच राहते. प्रत्येक प्रकरण झालं की मी तिच्या हातात कागद द्यायची आणि ती जेवणाच्या टेबलाशी बसून, चष्मा कपाळावर चढवून, कागद नाकाला लावून वाचायची. मग माझ्या नवऱ्याला सांगायची, "आज नाववालीने त्या कंत्राटदाराची चांगली खरडपट्टी काढली हो!" जणू शेजारीच राहते. प्रकरणं यायची थांबली तेव्हा ती अधूनमधून विचारायची, "पुढे काय झालं गं तिचं?" मी म्हणायची, "वेळच मिळत नाही गं आई, कामाचा डोंगर आहे." मग तिने विचारणं सोडून दिलं. ती विचारायची तेव्हा मला राग यायचा. सोडून दिलं तेव्हा मात्र जिवाला लागलं.

वेळ मात्र मी राखून ठेवला होता. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी ऑफिसात जायचं. उपाहारगृहात खिडकीजवळचं कोपऱ्यातलं टेबल. कॉफीचं यंत्र गरम व्हायला लागलेलं असायचं, सफाईवाल्या बाई खुर्च्या टेबलांवरून खाली उतरवत असायच्या आणि माझी खुर्ची सगळ्यांत आधी उतरवून द्यायच्या. दहाची बैठक सुरू होईपर्यंतचा वेळ माझा. त्या वेळात मी नाववालीसमोर बसायची. ती नावेत बसलेली, मी खुर्चीत. दोघी गप्प.

आता ती सकाळही जाणार होती. आमच्या विभागप्रमुखाचं टोपणनाव 'पटकन'. तो प्रत्येक वाक्य त्याच शब्दाने सुरू करतो आणि मग अर्धा तास बोलतो. त्याला बढती मिळाली आणि त्याने आपल्या खुर्चीसाठी माझं नाव सुचवलं.

"पटकन एक विचारतो," तो म्हणाला, "माझी जागा घेशील? सकाळी लवकर बैठका असतात, परदेशातली टीम तेव्हाच भेटते. बाकी तुला काही अवघड नाही. शुक्रवारपर्यंत सांग."

मला हवं होतं ते पद. उगाच कशाला साधूपणाचा आव आणू? इतकी वर्षं जे उभं केलं, त्याचा कारभार आपल्या हाती यावा असं कोणाला वाटणार नाही? पण सकाळ गेली तर नाववालीही गेली, हे मला दिसत होतं. नवरा म्हणाला, "तुझं तू ठरव. मी दोन्हीला टाळ्या वाजवीन." त्याच्याकडून याहून जास्त सल्ला कधीच मिळत नाही.

सोमवारी सकाळी मी कोपऱ्यातल्या टेबलाशी कोऱ्या पानाकडे बघत बसले होते आणि फोन वाजला. अनोळखी नंबर.

"नमस्कार, हाडांच्या विभागातून बोलतेय, स्वागतकक्ष. नाववाली आहेत का?"

कोणीतरी थट्टा करतंय असं वाटलं, पण तो आवाज थट्टेचा नव्हता. मागे खोकणं, चाकांच्या खुर्चीची करकर, कोणाला तरी "बसून घ्या" म्हणणं, सगळं खरंखुरं ऐकू येत होतं.

"नाहीत," मी म्हणाले.

"कुठे गेल्यात?"

मी पानाकडे पाहिलं. "मला माहीत नाही."

"तुम्ही कोण त्यांच्या?"

आता काय सांगायचं? जिने तिला गुडघा दिला, फटकळ जीभ दिली आणि काठावर बसवून ठेवलं, ती तिची कोण लागते?

"भाची," माझ्या तोंडून निघून गेलं.

"मग भाचीबाई, जरा मावशींना समजवा. दर सोमवारी पहिली वेळ त्यांची, आणि एकदाही पाऊल टाकलं नाही त्यांनी. डॉक्टर दर वेळी मला विचारतात. दुखतं तरी काय नक्की त्यांचं?"

"डावा गुडघा." हे मी झोपेतही सांगितलं असतं. "चढताना नाही, उतरताना. नावेतून काठावर पाय टाकताना कळ येते. मग त्या शिव्या घालतात, म्हणजे दुखलं असं कोणाला वाटू नये म्हणून."

पलीकडे बाई हसल्या. "माझी सासू अशीच. पण या वयात नाव चालवतात?"

"पूल होतोय तिथे. झाला की बंद."

"मग काय करणार त्या?"

"तेच ठरत नाहीये."

"बघा बाई, पुढच्या सोमवारी धरून आणा त्यांना," म्हणून बाईंनी फोन ठेवला.

मी तिथल्या तिथे खरं सांगायला हवं होतं. मला कळत होतं काहीतरी घोळ झालाय. पण पलीकडे एका बाईला वाटत होतं की नाववाली जिवंत आहे, कुठेतरी गुडघा चोळत बसली आहे आणि यायला टाळतेय. तेवढं मला आणखी थोडा वेळ हवं होतं.

घोळ शोधायला तास लागला नाही. सॉफ्टवेअर ग्राहकाकडे जाण्याआधी आम्ही ते खोट्या रुग्णांवर चालवून बघतो. बाकीचे लोक अशा रुग्णाचं नाव 'अबक' ठेवतात, नाहीतर हाताला येतील ती अक्षरं बडवतात. मला ते कधी जमलं नाही. माणूस म्हटलं की त्याला वय हवं, पत्ता हवा, दुखणं हवं. दर आठवड्याला येणारी कायमची वेळ नीट चालते का हे बघायला मी नाववालीला घातलं होतं. नावाच्या रकान्यात नाववाली, आडनाव सक्तीचं म्हणून तिथेही नाववाली. पत्ता : नदीकाठ, पुलाच्या अलीकडे. आठवणीचा संदेश येतो की नाही ते कळावं म्हणून फोन नंबर माझा. तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी माझ्या फोनवर यायचं, 'उद्या तुमची वेळ आहे. कृपया वेळेवर या.' मला त्याची सवयच झाली होती.

नव्या इस्पितळाची मांडणी करताना आमच्यातल्या कोणीतरी डॉक्टरांच्या वेळा चाचणीच्या प्रतीतून उचलल्या, आणि वेळांच्या शेपटाला धरून नाववालीही तिकडे गेली. रविवारचा संदेश खेळातला राहिला नव्हता, खरा झाला होता, आणि मला पत्ता नव्हता.

मी तिची नोंद उघडली. कादंबरीत ती अठ्ठावन्न वर्षांची आहे. तीन वर्षांपूर्वी मी तिथे त्या हिशोबाने जन्मतारीख घातली होती, आणि यंत्र आपलं काम चोख करत होतं. वयाच्या जागी एकसष्ट दिसत होतं. मी तिला संध्याकाळी बसवून गेले आणि ती तिथे बसल्या बसल्या म्हातारी होत चालली होती. मला एकदम तिची इतकी आठवण आली, की मी उठून पाणी पिऊन आले.

पटकनला सांगणं भाग होतं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"म्हणजे तुझी नायिका आपल्या ग्राहकाकडे दर सोमवारी भरती होतेय?"

"भरती नाही. बाह्यरुग्ण."

"तेवढंच बरं!" त्याला हसू आवरेना, मग आवरलं. "पटकन काढून टाक तिला."

"मी काढू शकत नाही. इस्पितळातल्या रुग्णाच्या नोंदीला आपण हात लावायचा नाही, फक्त त्यांनी लावायचा. नियम आहे."

"असला नियम केला कोणी?"

"मी."

तेव्हा फोन करणं आलं. दुपारी लाज गिळून मी स्वागतकक्षाचा नंबर लावला. आवाज ओळखीचा निघाला. मी नाव, कंपनी, सगळं सांगितलं, आणि मग म्हणाले, "ताई, नाववाली नावाची बाईच नाहीये. मी भाचीबिची कोणी नाही. ती माझ्या कादंबरीतली आहे."

पलीकडे चाकांची खुर्ची करकरत गेली.

"कादंबरीतली," बाई म्हणाल्या.

"हो."

"तुम्हाला काही कळतं का हो? इथे एक गृहस्थ दर सोमवारी काठी टेकत येतात. पहिली वेळ मिळाली तर कामावर वेळेत पोचतील म्हणून. मी त्यांना दर वेळी सांगते, ही वेळ एका आजारी बाईंची आहे. आज सकाळी तर त्या लांबून नावेतून येतात, हेही सांगितलं! ते म्हणाले, असू दे, बिचाऱ्या येतील. आणि दुपारपर्यंत बसून राहिले."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी माफी मागितली. पुन्हा मागितली. ती माझी चूक होती आणि त्यात नावेचा, नदीचा, कशाचाच आडोसा नव्हता. काठी घेतलेला तो माणूस खरा होता, त्याचा गुडघा खरा होता.

"त्यांना पुढच्या सोमवारपासून पहिली वेळ द्या," मी म्हणाले. "नाववालीचं नाव काढून."

"काढतेच," बाई फणकाऱ्याने म्हणाल्या. कळफलकाची टकटक ऐकू आली. मग ती थांबली. "हे कारण विचारतंय."

मला माहीत होतं. तो रकाना मीच केला होता, कधीतरी घाईत, पटकन डोक्यावर उभा असताना. रुग्ण काढून टाकायची तीन कारणं असतात असं तेव्हा आम्ही ठरवलं होतं. बरा झाला. वारला. दुसरीकडे गेला. माणूस मुळात नव्हताच, ही शक्यता आमच्या कोणाच्या डोक्यात आली नव्हती.

"काय लिहू?" बाईंनी विचारलं. "बऱ्या तर झाल्या नाहीत."

"नाही."

"वारल्या?"

खरं तर माझ्या टिपणांत तेच होतं. पूल उघडतो, बँड वाजतो, आणि त्या गडबडीत नाववाली एकटीच नाव घेऊन मधल्या धारेत जाते. गेली तीन वर्षं मी हे लिहायला बसत होते आणि हात उचलला जात नव्हता. म्हणायची, वेळ नाही. म्हणायची, काम फार आहे. कामाला कोणी विचारायला जात नाही, त्याच्या माथी काहीही मारता येतं.

"अहो, बोला की," बाई म्हणाल्या, आणि मग आवाज जरा उतरला. "मारणार आहात का तुम्ही तिला?"

"ठरवलं तसंच होतं."

"गुडघा दुखतो म्हणून कोणी मरतं का? नाव बंद झाली म्हणून मरतं? मी आधी ज्या खात्यात काम करायची ते मोडीत निघालं तेव्हा मला इथे काउंटरवर आणून बसवलं. रडले आठवडाभर. मेले नाही." बाई म्हणाल्या. "पूल झाला ना? मग चालत जाऊ दे की पलीकडे. कधी गेली होती का ती पलीकडे?"

"रोज. दिवसातून किती वेळा तरी."

"तसं नाही हो. राहायला."

नाववाली आयुष्यभर पलीकडे गेली ती लोकांना सोडायला. सोडलं की उलटी फिरली. पलीकडच्या काठावर ती नावेतून पाय टाकायची, दोर ओढायची, शिव्या घालायची आणि परत यायची. त्या काठाच्या पुढे काय आहे, तिने पाहिलं नव्हतं. मीही पाहिलं नव्हतं. इतकी प्रकरणं लिहून मी एकदाही तिला पलीकडचा चढ चढू दिला नव्हता.

आणि तेव्हा मला माझं खरं दुखणं कळलं. ती मेली काय किंवा पलीकडे गेली काय, माझ्याकडे यायची थांबणार होती. मला कादंबरी पुरी करायचीच नव्हती. सकाळी कोपऱ्यातल्या टेबलाशी माझ्यासमोर कोणीतरी बसावं, मी काही बोलले नाही तरी उठून जाऊ नये, एवढंच मला हवं होतं. त्यासाठी मी तिला पुलाच्या अलीकडे ओलीस धरून ठेवलं होतं.

"दुसरीकडे गेली," मी म्हणाले. "तसं लिहा."

टकटक झाली. "झालं," बाई म्हणाल्या. "सुटल्या बिचाऱ्या." मग थोड्या घुटमळल्या. "पुस्तक आलं की कळवा. मी कादंबऱ्याबिदंबऱ्या वाचत नाही, पण ही बाई माझी पेशंट होती."

शुक्रवारी मी पटकनकडे गेले. म्हणाले, पद घेते, पण दहाच्या आत बैठक नको. त्याने मनापासून प्रयत्न केला, तिकडच्या लोकांशी बोलला, आणि येऊन म्हणाला, "नाही गं जमत." मग मी नाही म्हणाले. तो खट्टू झाला. मीही झाले. मन मारून नाही म्हणाले, आणि त्या दिवशी घरी जाऊन विनाकारण कपाट आवरत बसले. नवऱ्याने ठरल्याप्रमाणे टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, आता गप्प बस.

शेवटचं प्रकरण मी सकाळी सकाळी, कोपऱ्यातल्या टेबलाशी लिहिलं. बँड वाजून गेला, भाषणं झाली, गर्दी पांगली. नाववालीने नाव खुंटाला बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि पुलावर चढली. चढताना काही नाही. मधोमध आल्यावर कठड्याला धरून थांबली, खाली पाहिलं आणि नदीला म्हणाली, "एवढीच होतीस होय!" उतरताना गुडघ्यातून कळ आली, तिने इंजिनियरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पलीकडे चढ होता, चढावर एक वळण होतं. मी तिच्या मागे वळणापर्यंत गेले. पुढे जायचा मला काय अधिकार? ती मागे वळून बघेल असं वाटत होतं. मला फार वाटत होतं. पण ती वळून बघणाऱ्यातली नव्हती, आणि मी तिला तसं करायला लावलं नाही.

सफाईवाल्या बाईंनी विचारलं, "बरं नाही का?" मी म्हटलं, "सर्दी."

संध्याकाळी आईसमोर कागद ठेवले. तिने चष्मा कपाळावर चढवला आणि ती वाचायला लागली. नवरा भांडी घासत होता, त्याने नळ बारीक केला. आईने शेवटचं पान उलटून मागे काही आहे का ते पाहिलं.

"परत नाही येत?"

"नाही, आई."

"पत्ताबित्ता?"

"नाही."

तिने कागद नीट जुळवले, कडा टेबलावर ठोकून सारख्या केल्या. "बरं केलंस," ती म्हणाली. "पण आता मला करमायचं नाही गं."

"मलाही," मी म्हणाले, आणि मग दोघींनी बसून मनसोक्त रडून घेतलं. नवऱ्याने नळ पुन्हा मोठा केला.

काठीवाल्या गृहस्थांना आता पहिली वेळ मिळते. बाईंनी आवर्जून फोन करून सांगितलं, भाचीबाई म्हणूनच हाक मारली. चाचणीच्या रुग्णाचं नाव मी आता इतरांसारखं 'अबक' ठेवते. त्याला वय नाही, काही दुखत नाही. कोपऱ्यातलं टेबल माझंच आहे. सकाळ मी भांडून राखली आहे आणि रोज जाऊन तिच्यात बसते. समोर कोणी नसतं. येईल कोणीतरी, मागेही आलंच होतं.

रविवार तेवढा जड जातो. दिवेलागणीला हातातलं काम टाकून मी फोन उचलते आणि बघते. उद्या कोणाची वेळ नसते.